काकूंनी हॅवलॉकला पाणी घेतलं नाही

अंदमानहून परत आल्यापासून मला सगळे एकच विचारतात, पाणी कसं होतं. जेवण कसं होतं, विमानात भीती वाटली का, हे कुणी विचारत नाही. त्या उन्हाळ्यात लातुरात नळाला पाणी येऊन किती दिवस झाले ते आम्ही मोजायचं सोडलं होतं. पाणी रेल्वेने येत होतं आणि ती गाडी बघायला लोक मुलाबाळांना घेऊन जात होते. त्यामुळे प्रश्न समजण्यासारखा आहे. मी सांगते, खारट होतं. ते हसतात आणि माझी सुटका होते.

इथे जरा सविस्तर लिहिते. ज्यांना जायचंय ते तसेही जाणारच. ज्यांना जायचं नाही त्यांनी वाचावं, म्हणजे त्यांचा निर्णय पक्का होईल.

मी स्वतःहून गेले नव्हते. उदगीरला माझ्या मोठ्या काकू राहतात, महानंदाकाकू. त्यांच्या पुण्यातल्या मुलाने आईच्या साठीनिमित्त सहलीची दोन तिकिटं काढली, एक आईचं आणि एक स्वतःचं. मग त्याला सुट्टी मिळाली नाही. तेव्हा घरातल्यांना आठवलं की लातूरची पुतणी इंजिनिअरिंग संपवून घरीच बसली आहे आणि तिचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं आहे. माझं इंग्रजी घरात असंच वापरलं जातं. औषधाच्या बाटलीवरचं वाचायला, बँकेचा फॉर्म भरायला, आणि आता काकूंना बेटावर न्यायला. मी चारचौघांत बोलत नाही ही अडचण कुणाच्या लक्षात आली नाही. न बोलणाऱ्या माणसाची अडचण तशी कुणाच्या लक्षात येतच नाही.

पोर्ट ब्लेअर

सहल उदगीरच्या शिवराजअण्णांनी काढली होती. अण्णांचं कापडाचं दुकान आहे, पण त्यांचा जीव दुकानात नाही. त्यांना उदगीरचा जिल्हा करायचा आहे. लातूर जिल्हा होऊन इतकी वर्षं झाली, आता आमची पाळी, असं ते कपडा फाडता फाडता गिऱ्हाइकालाही सांगतात. त्यासाठी त्यांनी 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' असा पिवळा बॅनर बरोबर आणला होता. विमानतळाबाहेर पाऊल ठेवल्यावर पहिली गोष्ट झाली ती म्हणजे आम्हा सगळ्यांना बॅनरमागे उभं करून फोटो काढला गेला. बंगालच्या उपसागरातल्या बेटावर हा बॅनर कोण वाचणार होतं, मला माहीत नाही. अण्णांना माहीत होतं. त्यांनी तो फोटो लगेच ग्रुपवर टाकला.

हवा अशी होती की पुसलेला चेहरा पुसून होईपर्यंत परत ओला व्हायचा. आमच्याकडे ऊन भाजतं, तिथलं शिजवतं. हॉटेलच्या खोल्यांत शिरल्याबरोबर आमच्या मंडळींनी एकच काम केलं. नळ सुरू आहे असं दिसताच प्रत्येकाने बादली भरली, मग आंघोळीचा मग, मग बाटल्या, मग चहाची किटली. एका बाईंनी कचऱ्याचा नवा डबा धुऊन भरला. नळाला पाणी आलं की भरायचं, यात विचार करण्यासारखं काही नसतं आमच्याकडे. तासाभरात हॉटेलची टाकी संपली. मॅनेजर धावत आला आणि म्हणाला की बेटावरही उन्हाळ्यात टँकरच येतो, भिंतीवर पाटी लावली आहे, वाचता येत नाही का. अण्णा शांतपणे म्हणाले, "हम लातूर से आए हैं. हमकू पानी मत सिखाओ."

एवढ्या दूर टँकरच बघायला आलो होतो तर. मला हसू आलं, पण मी ते बाहेर येऊ दिलं नाही.

जेवणाचं सांगते. 'शुद्ध शाकाहारी' म्हणजे तिथे माशाच्या भांड्याशेजारी ठेवलेलं भाजीचं भांडं. डाव एकच. काकूंनी पहिल्याच दिवशी ते पाहिलं आणि डबा उघडला. त्यांच्याकडे धपाटे होते, शेंगदाण्याची चटणी होती, आणि येसराची पुडी होती, जी गरम पाण्यात कालवली की आमटी होते. बाकीचेही मग एकेक डबा काढू लागले आणि त्या चकचकीत टेबलांवर आमचं आपलं गावजेवण सुरू झालं. वेटरकडे फक्त कांदा मागितला जायचा. बाराशे किलोमीटर समुद्र ओलांडून आम्ही उदगीरचंच खात होतो.

काकूंविषयी एक गोष्ट आधी सांगायला हवी. आम्ही लिंगायत. आमच्यात प्रत्येकाला लहानपणीच गुरूकडून स्वतःचं इष्टलिंग मिळतं, सुपारीएवढं. ते चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधायचं आणि अंगावेगळं करायचं नाही. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, त्यावरचं तीर्थ घ्यायचं, मग बाकीचं पाणी, मग चहा. माझ्यासारखे पुष्कळ जण आता हे पाळत नाहीत. काकू पाळतात. पोर्ट ब्लेअरला भरलेल्या बादलीतला पहिला तांब्या त्यांनी पूजेसाठी बाजूला काढून झाकून ठेवला. पहाटे पाचला त्या पलंगावर मांडी घालून बसल्या, उदगीरहून ओल्या फडक्यात आणलेली बेलाची पानं काढली, आणि मी झोपेचं सोंग घेऊन बघत राहिले. कशासाठी सोंग घेतलं ते मला सांगता येणार नाही. कुणी मनापासून काही करत असलं की मला तिथे असणं अवघड होतं.

हॅवलॉक

बोटीचा प्रवास मी गाळते. सत्तावीसपैकी एकोणीस जणांना उलट्या झाल्या एवढं पुरे.

हॅवलॉक हे माहितीपत्रकावर असतं तसं बेट आहे. पांढरी वाळू, हिरवं पाणी, वाकलेली झाडं. तिथे गेल्यावर कळतं की माहितीपत्रकात माणसं दाखवत नाहीत. प्रत्येक वाकलेल्या झाडावर एक जोडपं बसलेलं असतं आणि त्या झाडासाठी आणखी चार जोडपी रांगेत असतात. समुद्राकडे सगळ्यांची पाठ असते, कारण फोटोत समुद्र मागे यायला हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला उथळ पाण्यात मासे दाखवायला नेलं. जाकीट घालायचं, तोंडात नळी धरायची, डोळ्यांवर काच लावायची आणि पाण्यात तोंड घालून खाली बघायचं. एक माणूस हवा भरलेल्या टायरला धरून आपल्याला ओढत नेतो. आमच्या गटातल्या बायकांनी एकजात नको म्हटलं. पुरुषांनी कंबरदुखी सांगितली. काकू उठल्या.

"एवढं पाणी बघून नुसतं काठाला बसायचं व्हय?" त्या म्हणाल्या आणि पदर खोचून जाकीट मागितलं.

नेणारा माणूस तपन. चाळिशीचा, सडपातळ, भुवयांवर मीठ वाळलेलं. त्याचे आजोबा पूर्व बंगालमधून येऊन इथे वसले होते. त्याने सगळ्यांना हिंदीत मोठ्याने सांगितलं की गळ्यातलं, कानातलं, जे सैल असेल ते काढून ठेवा. काकूंनी मंगळसूत्र काढून माझ्याकडे दिलं. मग त्यांचा हात छातीशी गेला आणि थांबला.

"जा, त्याला इचार," त्या म्हणाल्या. "इष्टलिंग बी काढावं लागतं का. घट्ट हाय, झंपराच्या आत हाय, म्हणाव."

मी गेले. सहा पावलं असतील. तपनभोवती कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या माझ्याच वयाच्या मुली उभ्या होत्या, ओल्या, हसणाऱ्या, एकमेकींच्या नळ्या ओढणाऱ्या. त्यांच्यासमोर मला हे काय असतं ते समजावून सांगायचं होतं. डबी, दोरा, गुरू, अंगावेगळं करायचं नाही. हिंदीत काय म्हणायचं, इंग्रजीत काय म्हणायचं, याची मी मनात जुळवाजुळव केली. तो माझ्याकडे वळला. त्या मुलीही वळल्या.

"कितना टाइम लगेगा?" मी विचारलं.

"आधा घंटा," तो म्हणाला.

मी परत आले आणि काकूंना म्हणाले, "काढायचं म्हणतो."

 काकूंनी पाठ करून दोरा काढला. बाजूला ठेवायचं नसतं म्हणून तो उजव्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधला, गाठ दातांनी ओढली, आणि पाण्यात गेल्या.

मी काठावरून बघत होते. या सगळ्या सहलीत मला चांगली वाटलेली गोष्ट एकच आहे आणि ती इथे लिहिते. काकूंनी पाण्यात तोंड घातलं, लगेच बाहेर काढलं, परत घातलं, आणि मग बराच वेळ काढलंच नाही. पांढऱ्या केसांचा अंबाडा तेवढा पाण्यावर हलत होता. बाहेर आल्या तेव्हा नळी थुंकून मला म्हणाल्या, "अगं, निळे हायत. निळे, न् पिवळे पट्टे." आणि ते किती मोठे होते हे दाखवायला त्यांनी दोन्ही हात वर केले.

उजव्या मनगटावर काही नव्हतं.

शोध

तपनने पंधरा-वीस बुड्या मारल्या. मग आणखी दोघांना बोलावलं. तळाला वाळू होती आणि त्यात बोटभर फटींचे प्रवाळ. डबी सुपारीपेक्षा थोडी मोठी, आणि भरती चढत होती. दीड तासाने बोटवाला ओरडायला लागला.

काकू रडल्या नाहीत. जाकीट घालूनच वाळूत बसल्या. अण्णांनी पाण्याची बाटली उघडून पुढे केली.

"न्हाई," काकू म्हणाल्या.

"ऊन लई हाय काकू."

"इष्टलिंग न्हाई तर तीर्थ न्हाई. तीर्थ न्हाई तर पाणी कसं घेऊ?"

नियम असा आहे की हरवलं तर ते सापडेपर्यंत, किंवा गुरूकडून नवं मिळेपर्यंत, अन्नपाणी नाही. तो पुस्तकातला नियम आहे असं मला वाटायचं. आमचे गुरू उदगीरला मठात होते, आम्ही हॅवलॉकला होतो, आणि परतीची बोट आणि विमान दोन दिवसांनी होतं. त्याआधीच्या बोटी भरलेल्या होत्या. काकूंना रक्तदाब आहे. हिशेब साधा होता. वैशाखात साठ वर्षांची बाई तीन दिवस पाण्याशिवाय.

आमच्या मंडळींबद्दल सांगितलं पाहिजे. दुपारी सगळ्या बायका काकूंच्या खोलीत बसल्या आणि हळहळल्या. संध्याकाळी निम्म्या आल्या. काकूंसमोर खाणं बरं दिसत नाही म्हणून लोक व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला जाऊन भजी खायला लागले, आणि काकू व्हरांड्यात आल्या की ताटली पाठीमागे जायची. एक बाई म्हणाल्या की माझं इष्टलिंग दोन मिनिटं घ्या नि तीर्थ घ्या. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. दुसऱ्याचं चालत नाही हे त्या बाईंना माहीत नव्हतं असं नाही. अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "इंग्लिश मॅडम, सूर्य बुडायच्या आत बॅनरचा फोटो घ्यायचाय. काकू दोन मिन्टं नुसत्या उभ्या ऱ्हातील का? उदगीरचं जुनं माणूस फोटोत पाहिजे."

मी नाही म्हणाले नाही. मी काहीच म्हणाले नाही. अण्णांनी त्याचा अर्थ नाही असा घेतला, हे माझं नशीब.

मला या सगळ्यांचा राग येत होता आणि तो राग मोठा सोयीचा होता. सहा पावलं चालून एक वाक्य विचारलं असतं तर काय झालं असतं, हे मला तोवर मनात आणावं लागत नव्हतं.

दिवेलागणीला तपन स्वतः हॉटेलवर आला. उद्या सकाळी ओहोटी आहे, परत बघतो म्हणाला. काकू पायरीवर बसल्या होत्या, तो खालच्या पायरीवर बसला. तेव्हा मला कळलं की काकूंना माझी काहीच गरज नव्हती. त्यांचं हिंदी निजामाच्या वेळेपासून घरात आलेलं, ठसठशीत, माझ्यापेक्षा शंभरपट चालणारं. त्यांनी त्याला विचारलं, घरी कोण कोण आहे, विहीर आहे का. तो म्हणाला, आहे, पण उन्हाळ्यात खारी होते. मग बराच वेळ दोघं विहिरीविषयी बोलले. किती हात खोल, खडक कुठे लागला. मी काकूंची गोळी आणायला आत गेले आणि परत आले तेव्हा तो निघाला होता. काकूंनी गोळी पाण्याशिवाय गिळली. घशातून खाली जाताना ती दिसली मला.

सकाळी तपनला एक चष्मा, केसांचा चिमटा आणि कुणाचीतरी अंगठी सापडली. ते सगळं त्याने काकूंपुढे फरशीवर मांडलं, जणू यातलं एखादं चालून जाईल. काकू त्याला म्हणाल्या, बहुत किया बेटा.

जेट्टी

दहा वाजेपर्यंत काकूंचे ओठ फुटले. बोलताना जीभ टाळूला चिकटून आवाज यायला लागला. त्या पलंगावरून उतरून फरशीवर आडव्या झाल्या, थंड लागते म्हणून. बेटावरच्या दवाखान्यातला डॉक्टर आला. त्याने नाडी बघितली, सलाईन लावू म्हणाला. काकू म्हणाल्या, "ते बी पाणीच की." डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. हिला समजावा, नाहीतर दुपारनंतर मी जबाबदार नाही, असं तो मला म्हणाला. इंग्रजीत म्हणाला. माझं शिक्षण अखेर उपयोगी पडलं.

गटात अहमदपूरचे गायकवाड सर होते, निवृत्त मुख्याध्यापक. बौद्ध. आमच्या मंडळींत ते आणि त्यांच्या पत्नी दोघंच वेगळे बसत, म्हणजे बाकीचे त्यांच्यापासून वेगळे बसत. आदल्या दिवसापासून एकटे तेच काही उपदेश न करता दाराशी येऊन विचारून जात होते.

"तुमच्या महाराजांना फोन लावा," ते मला म्हणाले. "माझ्या श्रद्धेचा हा विषय नाही. पण बाई ऐकतील तर त्यांचंच ऐकतील."

बेटावर फोन लागत नव्हते. सरांच्या सरकारी कंपनीच्या सिमकार्डाला जेट्टीच्या टोकाला थोडी रेंज मिळायची. आम्ही उन्हात तिथवर गेलो. सर मला मोबाइल देऊन मुद्दाम लांब जाऊन उभे राहिले. मी आठ वेळा लावला. नवव्या वेळी मठातल्या कुणीतरी उचलला.

"महाराज पूजेत हायत," तो आवाज म्हणाला. "दुपारच्याला करा."

मी म्हणाले, अहो, अंदमानहून बोलते, महानंदाकाकूंचं इष्टलिंग... आणि फोन कटला. त्यानंतर रेंज गेली ती आलीच नाही. बोट लागली, माणसं उतरली, त्यांनी जेट्टीचे फोटो काढले. मी मोबाइल धरून उभी होते.

"लागला?" सरांनी विचारलं.

"लागला," मी म्हणाले. एवढं खरं होतं.

परतताना सर पुढे चालत होते आणि मी मागून वाक्य तयार करत होते. मी वाक्य नेहमी तयार करते आणि मग बोलत नाही. या वेळी बोलायचं होतं.

खोलीत बायका होत्या. काकूंनी डोळे उघडले. "काय म्हणाले? त्यांचे शब्द सांग."

"म्हणाले," मी सुरू केलं, आणि माझा आवाज इतका मोठा आला की दारातल्या बाई वळल्या, "पाण्यात गेलं म्हणून पाण्यावर राग धरू नका. उदगीरला आलात की नवं देऊ. तोवर पाणी घ्या. अन्न घेऊ नका."

अन्नाचं मी मुद्दाम घातलं. सगळीच सूट दिली असती तर ते खरं वाटलं नसतं. घासाघीस करताना दुकानदार थोडं ताणून धरतो तसं ते होतं. तेव्हा मला त्याचा अभिमानही वाटला.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ माझ्याकडे सहसा कुणी बघत नाही.

"असं म्हणाले?"

"हो."

"मग आण."

त्या उठून बसल्या, भिंतीला टेकल्या, तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि वरून पाणी घेतलं, ओठ न लावता, थेंब न सांडता, अर्धा तांब्या. मग थांबल्या, श्वास घेतला, आणि उरलेला.

पुढचे दोन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही, कारण मी तसं सांगितलं होतं. मी दुकानदारासारखं ताणून धरलेलं त्यांनी दोन दिवस पाळलं. बोटीवर, विमानतळावर, विमानात. मी तिन्ही वेळेला त्यांच्या शेजारी बसून जेवले, कारण त्यांनी मला उठून जाऊ दिलं नाही. निघताना अण्णांनी जेट्टीवर बॅनर धरलाच. त्या फोटोत काकू आहेत, पहिल्या रांगेत बसलेल्या, आणि उदगीर जिल्हा झालाच पाहिजे हे त्यांच्या डोक्यावरून जातं आहे.

उदगीर

हैदराबादहून गाडी सकाळी उदगीरला पोचली. काकूंनी घरी फक्त आंघोळ केली, तीही अर्ध्या बादलीत, आणि मला घेऊन मठात गेल्या. बसमध्ये मी रात्रभर याच एका गोष्टीचा विचार केला होता. महाराजांना काकूंनी एक प्रश्न विचारला की माझं सगळं उघडं पडणार होतं. तब्येत बिघडल्याचं सांगून मी मागे राहू शकले असते. मी गेले, ते धैर्याने नाही. काकूंना धरायला कुणी नव्हतं.

महाराज म्हातारे आहेत. चष्म्याला दोरी, मांडीवर वर्तमानपत्र, त्यात नव्या जिल्ह्याची बातमी. काकूंनी पायांवर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. समुद्र, मनगट, तपन. मग म्हणाल्या, "तुमी फोनवर सांगितलाव तसं पाणी तेवढं घेतलं. अन्नाला शिवले न्हाई."

महाराजांनी चष्मा वर केला. "फोन? माझ्याशी कोण बोललं? मला न्हाई आला फोन."

मी फरशी बघत होते. शहाबादी होती, एका कोपऱ्यात तडकलेली. आता काकू वळून माझ्याकडे बघणार आणि मी ते बघणार नाही, एवढंच मला येत होतं.

"आला हुता म्हाराज," काकू म्हणाल्या. आवाजात जराही घाई नव्हती. "तुमच्या ध्यानात न्हाई."

"कधी आला म्हणता?"

"सकाळी. तुमी पूजेत हुताव."

"पूजेत मी फोन घेत न्हाई, बाई."

"घेतला हुता. पाण्याचं इचारलं म्हणून घेतला असंल."

 तीन दिवस उपाशी असलेली बाई महाराजांसमोर ताठ बसली होती. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"असंल," ते म्हणाले. "वय झालं. ऱ्हात न्हाई ध्यानात."

मग त्यांनी विधी केला, नवं इष्टलिंग काकूंच्या तळहातावर ठेवलं, कानात मंत्र सांगितला. काकूंनी तीर्थ घेतलं, आणि प्रसादाचं केळं सालीपर्यंत खाल्लं.

बाहेर पायरीवर चपला घालताना त्यांनी माझा खांदा धरला.

"तपननं सांगितलं मला," त्या चपलेकडे बघत म्हणाल्या. "त्याच सांजंला. आत घट्ट असलं तर काढावं लागत न्हाई म्हणाला. आमच्याकडच्या बाया ताईत घालूनच उतरत्यात म्हणाला. तू त्याला टाइम इचारलीस."

मी मान हलवली.

"आन फोन?"

"लागला होता. बोलणं झालं नाही."

"ते मला तवाच कळलं. म्हाराज एवढं गोड बोलत न्हाईत."

मग तुम्ही पाणी का घेतलंत, असं मला विचारायचं होतं. वाक्य तयार होतं. काकूंनी दुसरी चप्पल घातली, खांदा सोडला.

"तुझा आवाज खोटं बोलताना मोठा येतो गं," त्या म्हणाल्या. "आता रिक्षा थांबीव. मला चालवत न्हाई."

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. पहिल्या दोन रिक्षा माझ्या आवाजाला थांबल्या नाहीत. काकू पायरीवर बसून बघत होत्या, त्यांनी स्वतः हाक मारली नाही. तिसरी थांबली.